अर्धं वाक्य

दादा बोलायला लागला की आधी त्याचा अंगठा हलतो, मग हनुवटी, आणि बऱ्याच वेळाने शब्द येतो. लहानपणी त्याचं वाक्य पुरं करणं हा धाकट्या बहिणीचा आणि आईचा आवडता खेळ होता. तो "मला" म्हणाला की एक म्हणायची "पाणी", दुसरी म्हणायची "पंखा". जी आधी ओळखेल तिला त्याच्या चाकाच्या खुर्चीला टेकून बसायला मिळायचं, आणि तिघंही हसत सुटायचे.

आई गेल्यावर बहीण त्याला वकीलबाईंकडे घेऊन आली. त्याची कायदेशीर पालक व्हायचं आणि त्याला आपल्या घरी न्यायचं, असं तिनं ठरवलं होतं.

"यांना काय हवंय?" वकीलबाईंनी विचारलं.

"मी सांगते ना. लहानपणापासून मीच सांगत आलेय."

"मग आज तुम्हाला सुट्टी. दादा, तुम्ही बोला. मला घाई नाही."

दादाचा अंगठा हलला, मग हनुवटी.

"मला... एकट्याला..."

"भीती वाटते," बहीण सवयीनं म्हणाली. "आईलाही तो वर्षानुवर्षं हेच सांगायचा. ती लगेच जवळ येऊन बसायची."

वकीलबाईंनी हात वर करून तिला थांबवलं.

"...राहायचंय," दादा म्हणाला.