दोन पॅकेजांचं भांडण

"परत अडलं?" मुलीनं बूट काढायच्या आधीच विचारलं.

"परत," बाबा म्हणाले. "सकाळी अपडेट करायला घेतलं आणि नन्नाचा पाढा. एक पॅकेज म्हणतं, मला लायब्ररी नवीच हवी. दुसरं जुनी सोडायला तयार नाही."

"म्हणजे तुमच्या-माझ्यासारखंच की."

"आधी दोन घास खा," आई स्वयंपाकघरातून ओरडली. "तो खोका कुठं पळून जात नाही."

खोका म्हणजे मागच्या खोलीत टेबलाखाली घुमणारा सर्व्हर. पॅकेजं म्हणजे त्यावरचे प्रोग्रॅम आणि लायब्ररी म्हणजे त्यांना लागणारा सामायिक कोड. बाबांनी पस्तीस वर्षं सूक्ष्मदर्शक दुरुस्त केले होते. जुन्या मॉडेलांच्या आकृत्या, सुट्या भागांची मापं, सगळं त्यांनी एका वेबसाइटवर ठेवलं होतं आणि ती या खोक्यावरून चालायची. मुलगी कंपनीत असे शेकडो सर्व्हर सांभाळायची; हाही तिनंच बसवून दिला होता. तिनं बाबांच्या दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये कामाला यायला नकार दिला, त्या दिवशी ते बोलून बसले होते, "आता काम असेल तरच ये."

हट्टात ती बापावर गेलेली. दीड वर्ष फिरकली नाही.

मग गेल्या वर्षी एका शनिवारी अपडेट अडलं. बाबांनी दोनदा फोन उचलून ठेवला, तिसऱ्यांदा लावला. तीन तासांचा प्रवास करून ती आली. "एक पॅकेज जुन्या आवृत्तीवर रोखलेलं आहे, म्हणून बाकीची अडतात," तिनं सांगितलं. "मागच्या कुठल्या तरी कामात राहून गेलं असेल." पॅकेज रोखायचं कसं आणि सोडायचं कसं, हेही तिनं कागदावर लिहून दिलं. रात्री जेवून, हसून गेली.

बाबांनी तो कागद पाकिटात ठेवला. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते सकाळी एक पॅकेज स्वतःच्या हातानं रोखायचे, मग अपडेट चालवायचे आणि मग चेहरा पाडून फोन करायचे.

"लांबून नाही का होत गं हे?" त्यांनी एकदा भीत भीत विचारलं होतं.

"छे! असली भांडणं समोर बसूनच मिटतात."

बाबांचा जीव भांड्यात पडला होता.

आज मात्र ती जेवली आणि "पाच मिनिटं पडते" म्हणत कोचावर आडवी झाली. दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागली.

"बसमध्ये उभी राहून आलीय," आई तिच्या अंगावर चादर घालत हळूच म्हणाली. "आठवडाभर धड झोप नाही म्हणे. अहो, खोक्याचं काही कायमचं करून टाका ना. किती पळवायचं तिला?"

मुलीचा एक हात कोचावरून खाली लोंबत होता. तो बाबांनी उचलून वर ठेवला.

मागच्या खोलीत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. ती उठायच्या आत सर्व्हर नीट करायचा आणि उठली की सगळं कबूल करायचं. मग काम उरणार नव्हतं. काम नाही तर ती कशाला येणार? त्यांनी चष्मा पुसला, कागद उघडला आणि एका बोटानं टाइप करत पॅकेज सोडून दिलं. अपडेट चालवलं.

सर्व्हर अडला.

बाबांनी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. या वेळी तक्रार वेगळ्याच पॅकेजाची होती. त्यांनी रोखलेल्या पॅकेजांची यादी मागवली. एकच नाव आलं. ते त्यांनी कधी टाइपही केलं नव्हतं.

कोणी, कधी, कुठून काय आज्ञा दिली याच्या नोंदी सर्व्हर ठेवतो, हे त्यांना माहीत होतं. पण ती फाइल उघडायची वेळ आजवर आली नव्हती. त्यांनी उघडली.

काल, शुक्रवार, संध्याकाळी सहा चाळीस. मुलीचं खातं. तिच्या घरून. आज्ञा: तेच पॅकेज रोखा.

बाबा वर सरकत गेले. मागचा महिना, शुक्रवार. त्याच्या मागचा, शुक्रवार. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची स्वतःची नोंद होती. शेवटी पॅकेज रोखल्याची त्यांची पहिली नोंद आली. तिच्याही वर आणखी एक होती: मुलीच्या खात्यावरून, गेल्या वर्षी, अपडेट पहिल्यांदा अडलं त्याच्या आदल्या संध्याकाळची.