हरेश्वरचा फ्लेक्स

शीड उभं फाटलं तेव्हा होडीत मी एकटा होतो आणि किनारा दोन मैल लांब. हाताशी काय, तर मासळीखाली अंथरलेला फ्लेक्स. धाकटा भाऊ हरेश्वर सरपंच झाला तेव्हाचा, त्याच्या भल्याथोरल्या चेहऱ्याचा. आमचा सहा वर्षं अबोला, म्हणून त्या तोंडावर मी रोज मुद्दाम बांगडे ओतायचो.

नाइलाजाने तोच डोलकाठीला बांधला. वारा भरला, हरेश्वरचे गाल फुगले आणि होडी सुटली. मला हसू आवरेना.

धक्क्यावर अख्खा कोळीवाडा हसत उभा होता. दोर झेलायला पुढे आला हरेश्वरच.

"दादा, आणलं ना मी तुला घरी?"

"आणलंस," मी म्हणालो. "पण तुझ्या तोंडाला बांगड्यांचा वास येतोय. धुऊन जेवायला ये."