मरोळची सकाळ

उर्सुलाने बारा स्टँडवर बारा कागद लावले आणि ट्रम्पेटच्या दोन कागदांवरून हलकेच बोट फिरवलं. शाई वाळली होती.

व्हर्नन डिमेलोच्या जॅझ बँडमध्ये ती सहा वर्षं पियानो वाजवत होती. प्रत्येकाचे सूर कागदावर उतरवून द्यायचं कामही तिचंच. आज रविवारी सकाळी अकराला अंधेरीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, आणि शेवटी 'मरोळची सकाळ'. याच चालीवर व्हर्नन मोठा झाला होता. चाल उर्सुलाच्या बापाची, ऑगस्टीनची होती.

मरोळ गावठाणातल्या ओट्यावर ऑगस्टीनने व्हर्ननला ट्रम्पेट शिकवला, वरातीच्या बँडमध्ये आपल्या शेजारी उभं केलं. व्हर्ननने गुरूचीच चाल उचलली, तिला जॅझचा कोट चढवला आणि खाली स्वतःचं नाव घातलं. ऑगस्टीन अवाक्षर बोलला नाही. झुरून झुरून गेला. उर्सुलाला व्हर्ननचा नुसता राग नव्हता, द्वेष होता, आणि तो तिने सहा वर्षं 'अंकल, अंकल' करत जपला होता.

व्हर्ननच्या बँडचा कायदा एकच. कागदावर असेल तेच वाजवायचं, कान काहीही सांगोत. वाजवणारे बहुतेक बाहेरून बोलावलेले, एका तालमीवर उभे राहणारे. ते मुकाट तसंच करायचे. कालच्या तालमीनंतर उर्सुलाने या एका चालीचे ट्रम्पेटचे कागद अर्धा सूर वर चढवून नव्याने लिहिले. बाकीच्यांचे तसेच ठेवले. पहिल्याच सुराला कावळे ओरडणार होते, तेही शहरातल्या झाडून सगळ्या जाणकारांसमोर.

"कागद लावलेस?" व्हर्ननने मागून येत विचारलं.

"लावले, अंकल."

"ब्रिजेट येणार ना गं?"

"आई? येईल की."

"तिला पहिल्या रांगेत बसव. माझ्या समोर."

चोर तो चोर, वर शिरजोर. "बसवते," उर्सुला म्हणाली.

कार्यक्रम झकास रंगला. शेवटची चाल आली तेव्हा व्हर्ननने माईक हातात घेतला.

"ही चाल तीस वर्षं माझ्या नावावर आहे," तो म्हणाला. "ती माझी नाही. ऑगस्टीन परेरांची आहे. मी चोरली. ते गेले तरी तोंड उघडायची हिंमत झाली नाही. आज ती पहिल्यांदा त्यांच्या नावाने वाजेल. पियानोवर त्यांची मुलगी बसलीय."

पहिल्या रांगेत ब्रिजेटने रुमालात तोंड लपवलं. अख्खा हॉल उभा राहिला. दोन्ही ट्रम्पेटवाल्यांनी ट्रम्पेट ओठांना लावले.

"थांबा," म्हणत उर्सुला ताडकन उठली, तिने हात उंच केला. लोकांना वाटलं, पोरगी मानवंदना स्वीकारतेय. टाळ्या दुप्पट झाल्या, त्यात तिचा आवाज बुडाला.

व्हर्ननने तिला वाकून नमस्कार केला, बँडकडे वळला आणि बोटांनी चार ठोके मोजले.