चौथ्यांदा क्षमा

पापनिवेदन करून इनास चर्चबाहेर आला, तो अगदी हलका होऊन. फादरांनी क्षमा देताच कोठडीतल्या यंत्राने सेलिनबरोबरचं सगळं प्रकरण त्याच्या डोक्यातून पुसून टाकलं होतं.

दाराशी त्याची बायको ब्रिजित उभी होती. तिनेही त्याला माफ केलं होतं; पण यंत्र फक्त पाप्यांसाठी होतं. तिला सगळं आठवत होतं.

अंगणातल्या क्रूसापाशी सेलिन मेणबत्ती लावत होती. इनासची पावलं थबकली.

“ही कोण गं? आपल्या गावातली वाटत नाही.”

“चला घरी,” ब्रिजित म्हणाली.

याच पापाची ही चौथी क्षमा होती. दर वेळी सेलिनला तो असाच पहिल्यांदा पाहायचा, भान हरपून.

ब्रिजितला त्याने तसं एकदाच पाहिलं होतं, सव्वीस वर्षांपूर्वी.