आ कर बघू

आईनं सवयीप्रमाणे मटणाचा तुकडा पाण्यात धुऊन मृदुलाच्या ताटात वाढला. मृदुलानं तो बाजूला सारला आणि आईच्याच वाटीतला तांबडा रस्सा भुरकला.

तिच्या रक्तातल्या जन्मापासून आळशी पांढऱ्या पेशी डॉक्टरांनी काढून नेल्या होत्या; त्या प्रयोगशाळेत जंतूंशी लढायला शिकून गेल्या महिन्यात अंगात परतल्या होत्या. लहानपणापासून सारखं येणारं तोंड तेव्हापासून आलं नव्हतं. तरी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहताना पाहून आई नेहमीची बॅटरी घेऊन धावली.

"आ कर बघू!"

जीभ, हिरड्या, गाल. आईनं सगळं पाहिलं. कुठंच जखम नव्हती.

"आई, झोंबतंय गं!"

"तिखाट हाय ते, झोंबणारच की!"

जन्मात पहिल्यांदा आई तिच्यावर धाकट्या भावावर खेकसायची तशी खेकसली. मृदुलानं हसत वाटी पुढं केली.

"अजून वाढ."