तुलनेसाठी

मुलांच्या वाढीवर संशोधन करणाऱ्या डॉ. रुचिताकडे यतीन गद्रे फरीदाबादहून दोन्ही मुलांना घेऊन आले होते. नऊ वर्षांच्या निहारची उंची वयाला अगदी योग्य होती, तरी गद्रे हटून बसले. "वर्गातली चार मुलं ह्याच्याहून उंच आहेत, मॅडम. तुम्ही हॉर्मोनची इंजेक्शनं सुरू कराच."

रुचिताच्या डोक्यात तिडीक गेली. धडधाकट पोराला रोज सुया टोचायच्या नसतात, हे तिने त्यांना तिसऱ्यांदा ऐकवलं, तेही आवाज चढवून. मग राग गिळून तिने अभ्यासात तुलनेसाठी लागणाऱ्या निरोगी मुलांचे दोन फॉर्म काढले.

"निहारबरोबर धाकटीचंही माप घेऊ का?"

"बिल्कुल घ्या. तिला काहीच त्रास नाही."

भावाच्या कानापर्यंत पोचणारी शिवांगी उंचीच्या पट्टीला पाठ टेकून उभी राहिली. फॉर्म भरता भरता रुचिताने विचारलं, "हिचं वय?"

 

"तेरा," निहारचा भांग सारखा करत गद्रे म्हणाले, "पण मुलीचं काय मॅडम, चालून जातं."