मत पेन्सिलीनं लिहावं

“पोथी असो की कादंबरी, एक ओळ गाळायची नाही. वचन दे.”

वत्सलाबाईंचा आवाज शुभांगीच्या कानात अगदी जवळून आला. बाईंना जाऊन दीड महिना झाला होता. समोर टेबलावर वाचनालय सांभाळणारे मुस्तकीमभाई एकेक चिठ्ठी मांडत होते.

इंदिरानगरातल्या या छोट्या वाचनालयाची एक रीत होती. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला पाकीट, पाकिटात चिठ्ठी. वाचून झालं की दोन ओळींत मत लिहायचं, खाली नाव. पुढचा वाचक ते बघून पुस्तक न्यायचं की नाही ते ठरवायचा. सगळ्यात जास्त मतं वत्सलाबाईंची. शाळेतून निवृत्त झालेल्या, काचबिंदूनं नजर गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांच्या वरच्याच मजल्यावरची शुभांगी पहाटे पोथीचा अध्याय संपवायची, आणि दुपारी बाईंना कादंबरी वाचून दाखवायची. पुस्तक संपलं की बाई सांगतील ते मत लिहून घ्यायची. तेही पेन्सिलीनं. शाईनं मत लिहू नये, माणसाचं मत बदलतं, असं बाईंचं म्हणणं. एका कादंबरीवर त्यांनी लिहवलं होतं, ‘नायक दोनशे पानं खिडकीत उभा आहे. कुणीतरी त्याला खुर्ची द्या.’ दुसरीवर, ‘पाऊस फार. गोष्ट वाळत घालावी लागली.’ नुसती ती मतं वाचायला लोक पुस्तकं उघडत.

बाईंनंतर शुभांगी एकटीच कादंबऱ्या नेऊ लागली. तेवढाच त्यांचा सहवास. मत आता स्वतःचं लिहायची, निळ्या बॉलपेननं, जपून. ‘भाषा छान आहे.’ ‘मनाला शांत वाटलं.’ कुणाला टोचेल असं तिला लिहिताच यायचं नाही.

बाईंनंतर तिनं वाचून परत केलेल्या पाच पुस्तकांच्या या चिठ्ठ्या. पाचहींवर तिची निळी ओळ होती. आणि त्या ओळीखाली, पेन्सिलीनं, दोनच शब्द. ‘शेवट खोटा.’ खाली वत्सलाबाईंचं नाव.

अक्षर शुभांगीचं होतं. ‘ट’ला ती ओढते ती छोटी शेपटीसुद्धा.

मुस्तकीमभाई हसले. शाईत गोड बोलायचं आणि पेन्सिलीत चिमटा काढायचा, ही युक्ती बरी आहे म्हणाले. बाईंचं नाव तेवढं चालू राहिलं, लोकांनाही मजा येते. शुभांगीला सांगायचं होतं की हे मी लिहिलेलं नाही. पण आपल्याच अक्षराला नाही कसं म्हणणार?

तिच्या घरात पेन्सिल नव्हती. बाईंची पेन्सिल खालच्या बंद फ्लॅटमध्ये होती, त्यांच्या खुर्चीशेजारच्या वाटीत. बाईंचा मुलगा रोहित कॅनडाहून तेराव्यापुरता आला आणि किल्ली शुभांगीकडे देऊन गेला. ती रोज तिन्हीसांजेला तिथे देवापुढे दिवा लावायची. हातात वाचत असलेलं पुस्तक असेल तर खुर्चीवर ठेवायची, जाताना उचलायची. परवा वाटीतली पेन्सिल तिला आखूड वाटली होती. तिनं नजर वळवली होती.

तिनं हळूच विचारलं, बाईंना वाचून दाखवलेलं शेवटचं पुस्तक कुठे आहे?

मुस्तकीमभाईंनी ते कपाटातून नाही, टेबलाच्या खणातून काढलं. जाड, हिरव्या पुठ्ठ्याचं.

“हे मी कुणालाच दिलेलं नाही, ताई. बाई गेल्या त्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, परत आलं तरी बाहेर देऊ नकोस, मुस्तकीम. शेवट वाचायचा राहिलाय.”

शुभांगी खुर्चीत बसली.

त्याच दुपारी तर तिनं शेवट वाचला होता. तीनशे पानं एक आई परदेशी गेलेल्या मुलाची वाट बघते, अशी ती कादंबरी. शेवटचं प्रकरण उघडलं आणि शुभांगीची नजर पुढे धावली. मुलगा येत नाही. आई दाराकडे तोंड करून खुर्चीतच जाते. समोर वत्सलाबाई खुर्चीत बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. रोहितचा फोन तीन आठवडे आला नव्हता. शुभांगीनं पान हातात तसंच धरलं आणि त्यावर नव्हतं ते वाचलं. बेल वाजली. मुलगा आला. आईनं चहा टाकला. आवाज कुठे अडखळला नव्हता.

संपली का, असं बाईंनी विचारलं होतं. संपली. मग मत सांगा, शुभांगी म्हणाली. मत उद्या, एवढंच बाई म्हणाल्या. त्याच रात्री झोपेत गेल्या.

तिनं पाकिटातली चिठ्ठी काढली. या एकाच चिठ्ठीवर ‘शेवट खोटा’ नव्हतं. खाली बाईंचं नाव होतं, तिनंच सवयीनं आधी लिहून ठेवलेलं. वरच्या दोन ओळी कोऱ्या होत्या.

पारायणात ओळ गाळली गेली तर तो अध्याय पुन्हा वाचावा लागतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं पुस्तक आपल्या नावावर लिहून घेतलं, पदराखाली धरलं आणि मुस्तकीमभाईंना येते म्हणाली.

कोपऱ्यावरच्या दुकानात थांबून तिनं एक शार्पनर घेतलं. किल्ली कमरेला होतीच. शेवटचं प्रकरण वाचायला अर्धा तास पुरेल. मग बाई मत सांगतील. ते लिहून घेताना पेन्सिलीला टोक हवं.